दुपारचा पहारा

या, पुढं सरका. मागं खांबाला टेकून बसलेल्यांनीही जवळ या, चपलांची काळजी करू नका, इथून कुणी चपला नेत नाही. जवळ बसाल तर टाळाचा नाद कानात न जाता छातीत जातो, आणि आजची हकिगत छातीनंच ऐकायची आहे. आपल्या बदलापूर गावातली, बनूबाईच्या घरातली. ऐकून उठाल तेव्हा आभाळात घरघर झाली तरी तुमची मान पहिल्यासारखी नुसती वर जाणार नाही, एवढं वचन.

सुयोगच्या वर्षश्राद्धाची ती सकाळ. पौषातलं कोवळं ऊन, विठोबाच्या देवळापुढं मांडव घातलेला, आणि ओटीवर बनूबाई वीणेची तार लावत बसलेली. सुयोगचा बाप हरिचंद्र, त्याची ही थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, माहेरी परत आली, तेव्हा बापानं तिच्या हातात टाळ दिले होते. ते टाळ वाजत राहिले आणि बाई कीर्तनाला उभी राहू लागली. जांभूळपासून मांजर्लीपर्यंत दहावं असो, वर्षश्राद्ध असो की सप्ता, लोक म्हणत, बनूबाईला बोलवा. आणखीही एक म्हणत. बनूबाईनं कीर्तनात उभा केलेला माणूस मेल्यावरही गावातच राहतो, आणि तिनं जसा उभा केला तसाच राहतो. गेलेल्याच्या घरची माणसंसुद्धा पुढं तिच्याच शब्दांत त्याची आठवण काढतात.

आज तिला आपल्या सख्ख्या भाच्याला उभं करायचं होतं. आणि नेमका कसा उभा करायचा, यावरूनच घरात दोन तट पडले होते.

"आत्या, चौकात येऊन बघ एकदा. फोटो दाखवला असता, पण फोटोत ती मजा नाय." कल्पेश मोटारसायकल उभी करून पायरी चढला. कल्पेश हा मधल्या भावाचा मुलगा. जमिनीचे व्यवहार करायचा, पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं मनात होतं. पण तेवढ्यावरून त्याला तोलू नका. सुयोगच्या मागं मागं फिरत वाढलेलं पोर ते. वर्षभर स्मारकासाठी तोच धावला होता.

"काय बगू?"

"विमान! चौथऱ्यावर चढवलंय. अख्खं फायबरचं. नाक असं आभाळाकडं, पंखाखाली मिसाइल. आता कापड टाकून ठेवलंय. उल्हासनगरच्या सेठनं काय काम केलंय, बोलू नको. त्याच्याकडे तयार साच्यात हेलिकॉप्टर पण होतं, मी विचारलं पण. तो बोलला, 'साईं, हेलिकॉप्टर तो शादी का आइटम है, उसमें दूल्हा बैठता है. शहीद के लिए फाइटर ही जँचता है.' मग मला पण पटलं."

बनूबाईनं तारेवरचं बोट उचललं. "आनि आपला सुयोग काय चालवीत होता रं?"

कल्पेशनं मान खाजवली. "आत्या, पायलट तो पायलट. आणि मला कशाला विचारतेस, हरिचंद्रकाकाच बोलले फायटर बनव म्हणून."

खरं तर वर्तमानपत्रात सगळं नीट छापून आलं होतं. विमानवाहू नौकेवरून झेपावलेलं एक लढाऊ विमान समुद्रात कोसळलं, त्याचा वैमानिक वाचला. त्याला वाचवणारं हेलिकॉप्टर परतताना पडलं, त्याचा वैमानिक गेला. एकाच बातमीत दोन यंत्रं, दोन वैमानिक. गावानं त्यातलं भारी यंत्र उचललं आणि आपल्या पोराला त्यात बसवलं. हरिचंद्रानं त्यांना अडवलं नाही. पुढं पुढं तोच तसं सांगू लागला.

त्याला कारण होतं. आपल्या आगरी लग्नांत आता नवरदेव हेलिकॉप्टरमधून उतरतो हे तुम्हाला सांगायला नको. कल्पेशचंच लग्न घ्या. जांभूळच्या माळावर भाड्याचं हेलिकॉप्टर उतरलं, निम्मा मांडव उडाला, बँजोवाल्यांच्या टोप्या उडाल्या, आणि गाव अजून त्या थाटाच्या गप्पा मारतं. तर मागच्या साली उल्हास नदीच्या घाटावर सुयोगचं दहावं होतं. देह हाती लागला नव्हता. दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला होता. पिंड मांडून सगळे कावळ्याची वाट बघत होते, आणि मागं उभ्या असलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी दुसऱ्याला हळूच विचारलं, "हेलिकॉप्टर म्हंजे, कल्पेशच्या लग्नात आलता तसंच ना?" दुसरा फिस्सकन् हसला. वाईट मनानं नव्हे हो, माणूस नको तिथं हसतो कधी कधी. पण हरिचंद्राच्या कानात ते हसू शिरलं ते शिरलंच. त्या दिवसापासून त्याच्या तोंडून तो शब्द गेला. कीर्तनात टाळ धरून उभा राहायचा, तेही त्यानं सोडलं.

स्वयंपाकघरात तुळशी उडदाचे वडे तळत होती. सुयोगची आई. वर्षभरात ती फार बोलली नव्हती. हात मात्र कधी थांबले नव्हते. शेजारची रखमा पानं पुसत बसली होती. बनूबाई आत आली तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि संध्या उतरली.

संध्या सुयोगची बायको, माहेर अंबरनाथचं. तिच्या मागून तिचे वडील राजरत्न आले, कारखान्यातून निवृत्त झालेला शांत माणूस. जात वेगळी, म्हणून हे लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडं काय काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आता हरिचंद्र आणि राजरत्न एकमेकांना व्याही म्हणत, आणि मनापासून म्हणत. त्यांच्याही मागं एक उंच तरुण, पांढरा सदरा, दाराशीच अवघडून थांबलेला.

"आत्या," संध्या बनूबाईजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "चौकात वाऱ्यानं कापड उडालं होतं. आम्ही बघितलं. तेव्हापासून हा एक शब्द बोललेला नाही."

"हा कोन?"

"देवदत्त. ज्याला यांनी पाण्यातून वर काढलं तो."

रखमाच्या हातातलं पान तिथंच राहिलं. देवदत्त पुढं आला, बनूबाईच्या पाया पडला, मग तुळशीच्या पायाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्याला वर यायला जमेना. तुळशीनं झारा खाली ठेवला. त्याच्या डोक्यावर हात ठेवला, केसांतून फिरवला, जणू ते अजून ओले आहेत की काय ते बघत होती.

"जेवलास काय रं?"

"नाही, काकू. जेवण नंतर..."

तिनं परातीतला वडा उचलला, फुंकर घातली आणि त्याच्या हातात दिला.

"तुळशे!" रखमा कळवळली. "अगं, कावल्याचं पान व्हायचं हाय अजून! त्याच्या आधी कोनाच्या तोंडाला लावतीस?"

"माझ्या पोऱ्यान् ज्याला पान्यातून वर काढला तो माझ्या दारात उपाशी उभा राहील, आनि मी कावल्याची वाट बगू?" तुळशीचा आवाज चढला नव्हता, पण भांडी ऐकत होती. "खा रं बाला. सुयोगला पोचल."

आणि तो खाऊ लागला. गरम होता, डोळ्यांत पाणी आलं, कशानं आलं ते कोण सांगणार? बनूबाईनं मनातल्या मनात विठोबाला म्हटलं, देवा, शास्त्र मोडलं की पाळलं हे तूच बघ. मला तर पाळल्यासारखंच दिसतंय.

वडा संपल्यावर देवदत्त बोलला. "काकू, निमंत्रणाच्या कार्डावर माझं नाव आहे. मी ते कापड काढायचं म्हणून. पण ते विमान सरांचं नाही हो. ते माझं आहे. ज्यातून मी बाहेर पडलो, जे बुडालं, ते. सरांनी तसलं कधी चालवलं नाही. त्यांच्या नावाच्या चौथऱ्यावर मलाच बसवल्यासारखं वाटतंय."

"कापड तुलाच काढायचंय."

सगळ्यांनी वळून बघितलं. हरिचंद्र दारात उभा होता. वर्षभरात माणूस खांद्यातून बसला होता, पण धोतर कडक आणि टोपी सरळ.

"गाव जमनार. आमदारांची मानसं येनार. बाय," तो बहिणीकडं वळला, "आनि कीर्तनात तो शब्द नको."

"कोनता शब्द?"

"तुना ठाव हाय."

"हरी, मी देवापुढं उभी राहून..."

"देवाला काय फरक पडतोय? रणात गेला म्हनून सांग, देशासाठी गेला म्हनून सांग, खोटं काय हाय त्यात? तो शब्द काढलास तर मी मांडवातून उठीन, बाय. वर्षश्राद्धाला बापूस उठून गेला, असं गाव म्हनंल. म्हनू दे."

"बाबा," संध्या म्हणाली, "त्यांनी आयुष्यभर तेच चालवलं. त्यांना त्याची लाज नव्हती. उलट नौदलानं दुसरं विमान द्यायचं म्हटलं तेव्हा त्यांनीच नको म्हटलं."

हरिचंद्राचा चेहरा सुनेकडं बघताना मऊ झाला. "तुजं बरोबर हाय, पोरी. पन घाटावर जे हसले त्यांना तू नाय बगितलंस."

राजरत्न पुढं आले. ते म्हणाले, "व्याही, हसणाऱ्यांना माहीत नव्हतं. ज्याला माहीत नाही त्याच्यावर रागावून काय मिळणार? त्याला सांगायचं असतं."

हरिचंद्रानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि मांडवाकडं निघून गेला. कल्पेश त्याच्या मागं गेला. जाताना त्यानं बनूबाईकडं हात जोडून बघितलं, सांभाळून घे म्हणून. तुळशीनं झारा उचलला. ती कुणाच्या बाजूची आहे हे तिनं वडा देऊन सांगून टाकलं होतं.

बनूबाई मात्र मधोमध सापडली. एका हाताला पोर गेलेला भाऊ. त्याला त्या खोट्या विमानानंच उभं धरलं होतं; ते काढून घेतलं तर तो कोसळेल की काय, ही भीती. दुसऱ्या हाताला भाचा. त्याला गावानं परक्या यंत्रात बसवलं तर तो कायमचा तिथंच राहील. स्वतःच्या गावात परका.

ती देवदत्तला ओटीवर घेऊन आली. "इथं बस. माना नीट सांग. तिथं बोटीवर तो कुठं असायचा? काय करायचा?"

"आत्या, नौकेवरून विमानं उडायची असतात ना, त्याच्या आधी एक हेलिकॉप्टर वर जातं. ते वर गेल्याशिवाय एकाही विमानाला सुटायची परवानगी नाही. मग ते नौकेच्या बाजूला, थोडं मागं, हवेत थांबून राहतं. बस, थांबतं. कोणी पाण्यात पडलाच, तर उचलायला. सगळी विमानं जाऊन, परत येऊन, शेवटचं उतरलं की मगच ते उतरतं."

"म्हंजे पयल्यांदा चढायचं आनि शेवटी उतरायचं."

"हो."

"आनि कोन पडलाच नाय तर?"

देवदत्त पहिल्यांदा हसला. "सर म्हणायचे, तोच आपला चांगला दिवस. आम्ही उतरून जेवायला गेलो की सर मागून यायचे, घामानं भिजलेले, आणि विचारायचे, काय रे, आज पण मला काही काम दिलं नाहीस? बरं केलंस."

बनूबाई वीणेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पहारा."

"काय, आत्या?"

"काय नाय. जा, हातपाय धू. कीर्तनाला पुढं बस."

आता तुमच्यापैकी जे सप्त्याला बसलेत त्यांना ठाऊक आहे, पण बाकीच्यांसाठी सांगायला हवं. सप्ता बसला की वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तो तिसऱ्याला देतो, आणि गळ्यात वीणा आहे तोवर तो माणूस बसत नाही, नाम सोडत नाही. याला पहारा म्हणतात. सकाळचा पहारा सगळ्यांना हवा असतो, देवळात गर्दी असते. दुपारचा कुणालाच नको. जेवणं झालेली, टाळकरी लवंडलेले, समईची वात वाकडी, आणि देवळात ऐकायला एक विठोबा. हा दुपारचा पहारा सुयोग मागून घ्यायचा. लहान होता तेव्हापासून, आणि नौदलात मोठा साहेब झाल्यावर रजेवर आला तरी. कुणी म्हणायचं, "अरं, बस जरा, कोन बगतंय?" तो म्हणायचा, "म्हणून तर."

ऊन चांगलं वर आलं तेव्हा बनूबाई कीर्तनाला उभी राहिली. मागं टाळकऱ्यांची रांग, त्यांच्या मधोमध म्हातारा वीणेकरी, उजवीकडं पखवाज. मांडव भरून वाहत होता. पुढच्या रांगेत हरिचंद्र, शेजारी राजरत्न आणि देवदत्त. बायकांत तुळशी आणि संध्या एकमेकींना चिकटून. रामकृष्ण हरीचा गजर झाला, सेवेचा अभंग झाला, पखवाजावर थाप पडली आणि मांडवाच्या कापडालासुद्धा ठेका कळला. बनूबाईचा आवाज वयानं चिरला होता, पण त्या चिरेतून आता उजेड यायचा.

तिनं वीणेपासून सुरुवात केली. मागं वळून वीणेकऱ्याकडं बोट केलं.

"ह्यांच्याकडं कोन बगतंय? सगली बगतायत माझ्याकडं. मी हातवारे करते, मी गाते, शाबासकी माना मिलते. पन ह्यांनी वीना खाली ठेवली तर माझं कीर्तन उभं राहील का? बोला!"

"नाही!" मांडव बोलला.

"सप्त्यात दुपारचा पहारा कोन घ्यायचा?"

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "सुयोग."

"सुयोग," बनूबाई म्हणाली, आणि पखवाज आपोआप हळू झाला. "मंग ऐका. त्या पोरानं तोच पहारा दर्यावर नेला."

आणि तिनं सांगितलं. एवढी मोठी बोट की तिच्यावर आपलं मैदान मावेल, तिच्या नाकावरून आगीच्या लोळासारखी विमानं सुटतात. आणि ती सुटायच्या आधी एक जण वर चढतो आणि बाजूला, थोडं मागं थांबतो. त्याच्यासाठी कुणी टाळी वाजवत नाही. त्याचं सगळं लक्ष दुसऱ्याच्या परतण्याकडं. "पयला चढनारा, शेवटी उतरनारा. आनि तो ज्याच्यात बसायचा," इथं ती थांबली. हरिचंद्र मान खाली घालून बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, उठायच्या तयारीत. बनूबाईनं डोळे मिटले. भाऊ आणि भाचा दोघेही तिला एकदम दिसले. "ज्याच्यात बसायचा, त्याला हेलिकॉप्टर म्हनतात."

मांडवात कुजबूज उठली. तिनं ती पसरू दिली नाही.

"लग्नातलं आठवलं ना? आठवू द्या! मी तेच इचारनार हाय. कल्पेशच्या लग्नात ते उतरलं जांभूळच्या मालावर. धुरळा उडाला, आपन सगली धावलो. सगल्यांनी बगितलं नवरदेवाकडं. फोटो काढले. मीबी बगितलं, खोटं कशाला बोलू? पन शेपटीकडं कोन उभा होता? सांगा कोनीतरी. दोन्ही हात असे पसरून, लोकांकडं तोंड करून, यंत्राकडं पाठ करून कोन उभा होता?"

कुणालाच आठवेना. आणि मग बायकांतून एक किंकाळीसारखा आवाज आला.

"अगं बाई! माना ठाव हाय!"

रखमा उभी राहिली होती. तोंडावर पदर, पदराआडून शब्द येत होते. "मी गेलते ना ताट घेऊन! नवी गाडी आली की हलद-कुंकू लावतो, तसं मी त्या हेलिकॉप्टरला लावायला गेलते. पुढून गर्दी होती, म्हनून मागून. आनि हा सुयोग आडवा आला. मी म्हनलं बाजूला हो. नाय होयना. ताट सांडलं, सगलं कुंकू त्याच्या पांढऱ्या शर्टावर. मी त्याला काय काय बोलले गं! मुडद्या म्हनलं, अपशकून केलास म्हनलं. तर हसला आनि म्हनतो, 'काकी, पुढून या, मी ताट धरतो.'"

मांडव हसला. भरभरून हसला, डोळे पुसत हसला. पुढच्या रांगेतून देवदत्त आपल्या जागीच उठला आणि म्हणाला, "मावशी, मागचा पंखा फिरताना दिसत नाही. माणूस सरळ चालत जातो त्याच्यात."

हसू विरलं. रखमानं दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि मटकन् खाली बसली.

"ऐकलंत?" बनूबाईचा आवाज आता अगदी खाली आला. "आपल्या डोल्यांदेखत त्यानं पहारा दिला, आनि आपन त्याच्या शर्टावरच्या कुंकवाला हसलो. लग्नाच्या अल्बममंदी हाय तो, कडेला, लाल शर्टाचा. घरी जाऊन बगा. त्या दिवशी दर्यावरबी तसंच झालं. ह्या पोराचं विमान पडलं, सुयोग गेला, त्याला लाटेतून उचलला. परत फिरताना यंत्राचं बळ गेलं. त्या यंत्राचं डोकं जड असतं, पान्याला टेकलं की उलटतं. त्यानं ते आपटू नाय दिलं. बगला पान्यावर बसतो तसं बसवलं, आनि आतली सगली दारातून बाहेर पडंपर्यंत धरून ठेवलं. सगली निघाली. पहाऱ्यावरचा शेवटी उतरतो. उतरायचा राहिला."

पखवाज गप्प होता. टाळही.

आणि हरिचंद्र उठला.

संध्यानं तुळशीचा हात घट्ट धरला. कल्पेश धावायच्या बेतात अर्धा उभा राहिला. गावाला वाटलं, बापूस चालला. बनूबाईनं ते पाहिलं, पण कीर्तन थांबत नसतं. तिनं नाम धरलं, रामकृष्ण हरी, एकटीनंच.

हरिचंद्राच्या कानात आताच झालेलं ते हसू अजून घुमत होतं. घाटावरचं हसू काट्यासारखं रुतलं होतं. हे तसं नव्हतं. या हसण्यात त्याचा पोऱ्या होता. कुंकवानं माखलेला, ताट धरायला पुढं झालेला, अगदी त्याचा पोऱ्या. वर्षभर त्या टोकदार विमानात तो त्याला शोधत होता आणि तो सापडत नव्हता. सापडणार कसा? तो तिथं कधी बसलाच नव्हता.

तो मांडवाच्या बाहेर वळला नाही. टाळकऱ्यांच्या रांगेला वळसा घालून मागं गेला, म्हाताऱ्या वीणेकऱ्याच्या पाया पडला आणि टोपी सारखी करून मान पुढं केली. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. जमिनीला टेकली नाही. हरिचंद्र बहिणीच्या मागं सरळ उभा राहिला आणि तार छेडली, आणि मग त्याच्या तोंडून, वर्षानं पहिल्यांदा, नाम आलं. पखवाज कडाडला. बनूबाईला मागं वळून बघायची गरज पडली नाही; भावाचा सूर तिच्या पाठीला टेकला होता.

फुलं पडली, आरती झाली. कावळ्याचं पान ठेवलं तर कावळा आधीच छपरावर बसलेला होता, बोलवावं लागलं नाही. रखमा म्हणाली, वड्याचा राग नाय धरला त्यानं.

जेवणं आटोपल्यावर कल्पेश चौकातल्या चौथऱ्यापाशी उभा राहून काकांना विचारत होता, "मग हे उतरवू का? आजच्या आज क्रेन आणतो."

हरिचंद्र काही बोलायच्या आत तुळशी बोलली. "कशाला उतरवतोस? वाचलेल्या पोराचं विमान हाय ते. असू दे. कापड काढू दे त्याला." मग तिनं चौथऱ्याच्या उजव्या अंगाला, जरा मागं, मोकळ्या जागेकडं हात केला. "आपल्या सुयोगचं तिथं. बाजूला. थोडं मागं."

कल्पेशनं फोन लावला. "सेठ, नमस्कार. वो शादीवाला साँचा रखा है ना अभी? हाँ हाँ, वही. नाही, किसी की शादी नहीं है. मेरे भाई का है. कलर ग्रे मारना. और सुन, वो बाजू में दिल-बिल, फूल-बिल कुछ मत निकालना." थोडं थांबून तो म्हणाला, "पिछेवाला पंखा अच्छा बनाना, सेठ. दिखना चाहिए."

देवदत्तनं कापडाची दोरी हातात घेतली आणि हरिचंद्राकडं बघितलं. हरिचंद्रानं त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

तर मंडळी, आता उठा, प्रसाद घेऊन जा. एवढंच मागणं आहे. पुन्हा कधी तुमच्या मांडवावरून ते यंत्र घरघरत येईल, धुरळा उडेल, सगळे नवरदेवाकडं धावतील. तुम्हीही धावा, आनंदाचा क्षण असतो. पण एकदा शेपटीकडं बघा. तिथं हात पसरून, यंत्राकडं पाठ आणि तुमच्याकडं तोंड करून कुणी उभा असेल. त्याच्या अंगावर कुंकू सांडलं तर रागावू नका. आणि त्याला बघून, बदलापूर गावच्या तुळशीचा मुलगा, दुपारच्या पहाऱ्याचा सुयोग, याची आठवण काढा.